सणाच्या पानावरील सासव

भोजनाच्या पानावर डाव्या बाजूस वाढावयाच्या चटण्या, कोशिंबिरी, लोणची प्रमाणाने अल्प. तथापि त्यांच्यावाचून सणाचे पान पूर्ण मानले जात नाही. गोमंतकीयांच्या अशा तोंडीलावण्यांत सासवाचा मान मोठा. सासव म्हणजे मोहरी. संस्कृत ‘सर्षप’ शब्दाचेच हे रूप. ओले खोबरे, मोहरी व मिरची एकत्र वाटून, गूळ घालून, त्यात अंबाडे किंवा रायवळ आंबे सोडले की सासव सिद्ध होते.

अननसाच्या सासवाचा इतिहास मात्र निराळा आहे. अननस हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील फळ. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारतात आणले. त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून मराठीत रुळले. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येत असल्याची नोंद केली आहे. वाटणातील मिरचीही त्याच मार्गाने आली. तत्पूर्वी तिखटपणासाठी मिरे असत.

हेच शतक गोमंतकातील देवस्थानांच्या विध्वंसाचे. १५६० मध्ये कुशस्थळीचा श्रीमंगेश जुवारी नदीपार, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या प्रियोळास नेण्यात आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. ज्यांच्या भयाने देव स्थलांतरित झाले, त्यांच्याच गलबतांतून आलेले फळ भाविकांच्या सणाच्या पानावर स्थिरावले. पूर्वजांनी आपले दैवत आणि आपली मोहरी-खोबऱ्याची रीत सोडली नाही. नव्या फळाला मात्र त्या रीतीत सामावून घेतले.