एकाच बुरशीला दोन नावं का असायची?

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना भुरी रोग वेगळा सांगायला नको. पानांवर आणि मण्यांवर पांढरट भुकटी पसरते, मणी तडकतात. हा रोग एका बुरशीमुळे होतो. जुन्या पुस्तकांत मात्र याच बुरशीची 'ऑइडियम टकेरी' आणि 'अन्सिन्युला नेकेटर' अशी दोन नावं सापडतात. आज तिला 'एरिसायफी नेकेटर' म्हणतात. हा घोळ झाला कसा?

एक जीव, दोन रूपं

अनेक बुरशी दोन पद्धतींनी बीजाणू तयार करतात. अलैंगिक पद्धतीत जोडीदार लागत नाही. बुरशी स्वतःच्याच नकला काढत वेगाने पसरते. भुरीची पांढरी भुकटी म्हणजे हेच रूप. लैंगिक पद्धतीत दोन जुळणाऱ्या बुरशींचा संयोग होतो. भुरीत त्यातून बारीक काळे गोळे बनतात आणि ते थंडीतही तग धरतात. दोन्ही रूपं इतकी वेगळी दिसतात, की ती एकाच जीवाची आहेत हे पाहून कळत नाही.

भुरीचं कोडं

1845 मध्ये इंग्लंडमध्ये टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलींवर ही भुकटी दिसली. 1847 मध्ये माइल्स बर्कली यांनी बुरशीला त्याचंच नाव दिलं. काही वर्षांतच रोग फ्रान्सभर पसरला आणि 1854 मध्ये तिथलं वाइनचं उत्पादन कोसळलं. अमेरिकेत मात्र द्राक्षावरच्या अशाच बुरशीची नोंद 1834 मध्येच झाली होती. दोन्ही एकच का? युरोपात काळे गोळे सापडत नसल्याने पुरावा मिळेना. 1892 च्या सुमारास ते फ्रान्समध्ये सापडले, तेव्हा कोडं सुटलं.

'अपूर्ण' बुरशींचा कप्पा

पूर्वी बुरशींचं वर्गीकरण मुख्यतः लैंगिक अवयवांवरून व्हायचं. ज्यांचं लैंगिक रूप दिसलंच नव्हतं, त्यांना 'अपूर्ण कवक' या गटात टाकलं जाई. ही फक्त सोय होती, नातं त्यातून कळत नसे. नियमांनीही दोन रूपांना दोन नावं ठेवायची मुभा दिली होती.

जोडी कशी लावतात?

जुनी पद्धत म्हणजे एकाच बीजाणूपासून बुरशी वाढवायची आणि दुसरं रूप येतं का ते पाहायचं. यात वर्षं जात. आता डीएनए तपासतात. रूप कोणतंही असो, डीएनए तोच असतो. त्यामुळे लैंगिक रूप कधीच न दिसलेल्या बुरशीचंही कुळ शोधता येतं. फुफ्फुसाचा गंभीर संसर्ग करणाऱ्या 'अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस'चं लैंगिक रूप तर थेट 2009 मध्ये उजेडात आलं. त्याला लगेच 'निओसार्टोरिया फ्युमिगाटा' हे दुसरं नावही मिळालं!

आता एकच नाव

2011 मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत दुहेरी नावांची पद्धत बंद करण्याचं ठरलं. 1 जानेवारी 2013 पासून एका बुरशीला एकच अधिकृत नाव. ते लैंगिक रूपाचंच असावं, अशी अटही राहिली नाही. म्हणूनच डॉक्टरांच्या ओळखीचं 'अ‍ॅस्परजिलस' हे नाव टिकलं.

नाव हा माहिती शोधण्याचा पत्ता असतो. पत्ते दोन झाले, की एका नावाखालचं संशोधन दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला सापडत नाही. रोगाचा अर्धाच इतिहास हाती येतो, मग तो रोग वेलीचा असो की माणसाचा.