थकलेली घटमाला



नगर जिल्ह्यांत ऐन हंगामांत कांद्याच्या किंवा डाळिंबाच्या शेतावर आपण गेलांत, तर फवारणी करणाऱ्याच्या पाठीवर एक पंप दिसेल. पूर्वीं तो हातानें दांडा हलवून चालवावा लागे. आतां पुष्कळ ठिकाणीं त्याच्या बुडाशीं बारा व्होल्टची बॅटरी असते. कांहीं हंगाम ती इमानानें काम करते. मग एके दिवशीं असें होतें कीं, रात्रभर विजेला लावून ठेवलेला पंप सकाळीं दुसऱ्याच टाकीला मान टाकतो. कीड तर कोणासाठीं थांबत नाहीं! अशा वेळीं घरांतला एखादा हौशी मुलगा पेचकस घेऊन तें खोकें ओट्यावर उघडावयास बसतो, आणि आजोबा आंतून दटावतात, "अरे, बंद डबा उघडूं नकोस!" या दोघांपैकीं खरें कोणाचें, हें ठरविण्यासाठीं आज थोडा इतिहास चाळावा, असा माझा बेत आहे.

बॅटरीला मराठींत घटमाला असेंही म्हणतात. हा शब्द ऐकतांच विहिरीवरील रहाट डोळ्यांपुढें उभा राहतो. उपमा मोठी कामाची आहे, फक्त एका ठिकाणीं ती फसते. रहाटाच्या माळेंतील एक गाडगें फुटलें, तर तेवढ्याच गाडग्याचें पाणी कमी पडतें. बाकीचीं भरून वर येतच राहतात. विजेच्या माळेंत मात्र प्रवाहाला एका घटांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असेंच जावें लागतें. शिशाच्या बारा व्होल्टच्या बॅटरींत सुमारें दोन-दोन व्होल्टचे सहा घट असतात. त्यांपैकीं एक दुबळा झाला, कीं सगळी माळ त्याच्या चालीनें चालते. आपण 'बॅटरी मेली' म्हणतों, तेव्हां पुष्कळदां एकच घट मेलेला असतो, आणि उरलेले पांच त्याच्यापायीं वनवास भोगीत असतात.

या घटाचा जन्म फ्रान्समधला. १८०० सालीं इटलीच्या व्होल्टानें रासायनिक क्रियेपासून अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. परंतु त्या घटांतील द्रव्य एकदां संपलें, कीं तो निकामी होई. १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे दोन पत्रे एकमेकांस शिवूं न देतां गुंडाळले, ते पातळ गंधकाम्लांत बुडविले, आणि उलट दिशेनें वीज सोडून रिता झालेला घट पुन्हां भरून दाखविला. १८८१ मध्यें कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ति काढली. तेव्हांपासून हे घट कारखान्यांतून झपाट्यानें निघूं लागले. पण घटाचें दुखणेंही त्या लेपांतच दडलेलें आहे. बॅटरी रिकामी होतांना लेपाचें सल्फेट बनतें. ती तशीच पडून राहिली, तर त्या सल्फेटाचे कठीण खडे धरतात आणि मग कितीही वीज सोडली तरी ते मोडत नाहींत. शिवाय वापरानें लेप सुटून तळाशीं गाळ सांचतो. तो पट्ट्यांना भिडला, कीं घट आंतल्या आंत रिता होतो.

जुन्या बॅटरीवाल्याला हें सारें ठाऊक असे. कारण त्या काळची बॅटरी जणूं उघडण्यासाठींच बनविलेली होती. घटांचीं झांकणें डांबरानें बंद केलेलीं असत व घटांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरच उघड्या दिसत. कारागीर हायड्रोमीटर घेऊन एकेका घटाची नाडी पाही. अम्लाचें विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असलें तर घट भरलेला, १.१५ च्या खालीं उतरलें तर रिता. भरूनही जो रिताच राही, तो रोगी. मग डांबर तापवून मऊ करावें, तेवढ्याच घटाची जोडपट्टी कापावी, आंतला जुडगा वर काढावा, गाळ धुवावा, मधल्या लाकडी फळ्या बदलाव्या, आणि शिसें वितळवून सांधा पुन्हां जोडावा. पांच घट वांचत, व गिऱ्हाइकाचे पैसेही वांचत.

बॅटरीची निगा ही त्या काळीं केवळ मोटारवाल्यांची बाब नव्हती. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुणें नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें त्या केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग झाला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवें त्यासाठीं निवडण्यांत आलीं. वीस कार्यक्रम झाले. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ऐकावें, ऐकल्यावर चर्चा करावी, आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्या, अशी ती योजना होती. तेव्हां बहुतेक खेड्यांत वीज पोंचली नव्हती. जेथें वीज नव्हती तेथें व्हॉल्व्हचा रेडिओ बॅटरीवरच चालवावा लागे. कोठें कोरडी बॅटरी, कोठें गाडीवर घालून भरून आणावयाची. ती उतरली, कीं बी-बियाण्यांची चर्चाही थांबली! गांवाचा कान त्या घटमालेच्या आधारानें उघडा राहत होता.

पुढें प्लॅस्टिकचीं एकसंध खोकीं आलीं. झांकण कायमचें चिकटलें, जोडपट्ट्या आंत गेल्या, आणि कांहीं जातींत पाणी घालण्याचें भोंकही उरलें नाहीं. अम्लानें कपडे जळणें थांबलें, हा फायदा लहान नव्हे. परंतु त्याबरोबर एक घट बदलण्याची सोय गेली, व ती जाणणारा कारागीरही हळूहळू दिसेनासा झाला.

१९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें लिथियम-आयन घट बाजारांत आणला. त्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या घटानें आपल्या मुलाच्या हातीं ती गेलेली सोय एका अर्थानें परत दिली आहे. लोह-फॉस्फेट जातीचे ३.२ व्होल्टचे चार घट ओळीनें जोडले, कीं १२.८ व्होल्टची माळ होते व ती पंपाच्या बुडाशीं बसते. मात्र येथें अर्धवट ज्ञान विस्तवाशीं खेळणारें ठरतें. दुसऱ्या जातीचा लिथियम घट ४.२ व्होल्टच्या वर भरावयाचा नसतो. असे तीन घट जोडून ते शिशाच्या बॅटरीच्या जुन्या चार्जरला लावले, तर १४.४ व्होल्ट तिघांत वांटले जाऊन प्रत्येकास ४.८ येतात, आणि घट पेट घेऊं शकतो. म्हणून घटाची जात ओळखावी; माळेंतील सर्व घट एकाच जातीचे, एकाच क्षमतेचे घ्यावे; नव्यांत जुना मिसळूं नये; प्रत्येक घटावर पहारा ठेवणारें संरक्षक मंडल बसवावें; आणि चार्जर त्या जातीचाच वापरावा. हें ज्याला जमत नसेल, त्यानें जाणकाराचें दार ठोठवावें.

आणि आजोबांचें काय? शिशाच्या बॅटरीपुरतें त्यांचें म्हणणें मी अक्षरशः मान्य करतों. जुना कारागीर ज्या धुरांत उभा राही, त्याची किंमत त्या काळीं फारशी कोणी मोजली नव्हती. युनिसेफनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ऐंशी कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांत एकाच्या, रक्तांत धोक्याच्या मर्यादेइतकें किंवा त्याहून अधिक शिसें आहे. आणि त्याचें एक मोठें कारण म्हणजे उघड्यावर, परसांत, चुलीशेजारीं फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या. शिसें मुलाच्या मेंदूला अपाय करतें, व तो अपाय पुढें भरून निघत नाहीं. ज्या ओट्यावर मूल रांगतें, त्या ओट्यावर शिशाची बॅटरी फोडूं नये. ती दुकानदाराला परत द्यावी. त्यानें ती परत घ्यावी, असा नियम आपल्या देशांत २००१ पासून झाला, आणि २०२२ च्या नियमांनीं सर्व जातींच्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. शिसें हा पुन्हां पुन्हां वितळवून वापरतां येणारा धातु आहे. योग्य भट्टींत गेलेली जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या रूपानें परत येते. नगरच्याच औद्योगिक वसाहतींत एक्साइडचा कारखाना आहे, तेव्हां बॅटरीचा धंदा या जिल्ह्याला परका नाहीं.

तात्पर्य, दोघेही आपापल्या ठिकाणीं खरे आहेत. मुलानें पेचकस ठेवून देण्याचें कारण नाहीं. त्यानें आधीं खोक्यावरील अक्षरें वाचावीं. आंत शिसें असेल तर आजोबांचें ऐकावें. लिथियम असेल तर मीटर हातीं घेऊन एकेका घटाची नाडी पाहावी. आणि तसें करतांना त्यानें आजोबांनाही शेजारीं बसवून घ्यावें. चांवडीवरचा रेडिओ एकाएकीं कसा मंद होत जाई, हें कदाचित् त्यांना आठवत असेल.