‘घरच्यासारखे’ म्हणजे नेमके काय? ब्रिटनमधील छोटी कंपनी आणि माणसांची कदर करणारी कार्यसंस्कृती

ब्रिटनमध्ये ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या उद्योगाला ‘लहान’, तर १० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या उद्योगाला ‘सूक्ष्म’ उद्योग म्हणतात. उपाहारगृह, किराणा दुकान, लेखापालाचे कार्यालय, सॉफ्टवेअर सेवा, वृद्धांना घरी जाऊन मदत करणारी संस्था असे मराठी माणसांनी उभे केलेले अनेक व्यवसाय या दोन गटांत मोडतात. अशा ठिकाणी स्वतंत्र मनुष्यबळ विभाग नसतो. मालक स्वतःच नेमणूक करतो, पगार देतो, रजा मंजूर करतो आणि तक्रारही ऐकतो. अनेकदा ती तक्रार त्याच्याविषयीच असते. त्यामुळे छोट्या कंपनीची कार्यसंस्कृती म्हणजे बहुतांशी मालकाच्या रोजच्या वागण्याचीच सवय असते.

कुटुंबाची उपमा आणि तिच्या मर्यादा

‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहे’ हे वाक्य अशा कंपन्यांत हमखास ऐकू येते. त्यात आपुलकी असते हे खरे. अडचणीच्या वेळी उचल मिळते, आजारपणात डबा पोहोचतो, सणाला सगळे एकत्र जेवतात. परंतु घरात तासांचा हिशेब नसतो, थोरांना प्रश्न विचारायचा नसतो आणि नाराजी गिळून टाकायची असते. हेच संकेत कामाच्या ठिकाणी आले, की बिनपगारी जादा काम ‘मदत’ ठरते आणि हक्काची रजा मागणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. ओळखीतून किंवा नात्यातून नेमलेल्या माणसाला ‘काका, माझे तासांचे पैसे राहिले’ असे म्हणणे परक्या मालकापुढे बोलण्यापेक्षाही अवघड जाते.

प्रायोजित व्हिसावर आलेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. नोकरी सुटली, तर त्याची देशात राहण्याची मुदत साधारणपणे ६० दिवसांवर आणली जाते. तेवढ्या काळात नवा प्रायोजक मिळाला नाही, तर घर, मुलांची शाळा, सारेच मोडावे लागते. असा माणूस गप्प असेल, तर तो समाधानी आहे असे मालकाने गृहीत धरू नये. ज्याच्या हाती दुसऱ्याचा पगार आणि वास्तव्य दोन्ही आहे, त्यानेच बोलण्याची वाट मोकळी करून द्यावी लागते.

कायद्याने घातलेला पाया

चांगली संस्कृती कायद्याच्या पुढे जाते. पण तिची सुरुवात कायद्यापासूनच होते. ग्रेट ब्रिटनमध्ये, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये, पुढील तरतुदी लहान उद्योगांनाही लागू आहेत :

- ६ एप्रिल २०२० पासून कामाच्या अटींचे लेखी निवेदन पहिल्या दिवशीच द्यावे लागते.
- वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस. यात सार्वजनिक सुट्ट्या धरता येतात.
- प्रौढ कर्मचाऱ्याला सहा तासांहून अधिक कामाच्या दिवशी किमान २० मिनिटांची सलग विश्रांती.
- ६ एप्रिल २०२४ पासून लवचीक वेळेची विनंती नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करता येते. चर्चा केल्याविना ती नाकारता येत नाही आणि निर्णय दोन महिन्यांत द्यावा लागतो.
- १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकांनी दिलेल्या टिपा कर्मचाऱ्यांमध्ये न्याय्य रीतीने वाटणे बंधनकारक आहे. उपाहारगृहांसाठी हे विशेष महत्त्वाचे.
- २६ ऑक्टोबर २०२४ पासून लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावले उचलणे ही मालकाची जबाबदारी आहे.

तक्रार आणि शिस्तभंगाची कारवाई कशी हाताळावी, यासाठी ‘एकास’ या सार्वजनिक संस्थेची आचारसंहिता आहे. ती अवाजवी रीतीने डावलल्यास न्यायाधिकरण भरपाईची रक्कम २५ टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. ही संस्था मालक व कर्मचारी दोघांनाही दूरध्वनीवरून मोफत सल्ला देते.

कर्मचाऱ्यांना माहिती देऊन त्यांच्याशी विचारविनिमय करण्याच्या कायमस्वरूपी व्यवस्थेचा कायदा मात्र ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या उद्योगांनाच लागू होतो. छोट्या कंपनीत अशी व्यवस्था उभी राहणे मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. संस्कृतीची खरी परीक्षा इथेच होते.

मराठी मुलखातील दोन उदाहरणे

माणूस केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मराठी उद्योगाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहारेकरी म्हणून नेमले. विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो, ही त्यांची धारणा होती. १९२० मध्ये तिथेच ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू झाले. कारखान्याची माहिती देणाऱ्या या पत्राचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले.

दुसरे उदाहरण गिरगावचे. १९५९ मध्ये सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तिथे काम करणारी प्रत्येक स्त्री ‘बहीण’ म्हणवली जाते. पण हे नाते केवळ संबोधनापुरते नाही. प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक आहे आणि नफ्यातोट्याची वाटेकरी आहे. नात्याच्या शब्दामागे हक्क उभा असला, की ‘घरच्यासारखे’ या शब्दाला अर्थ येतो.

प्रत्यक्षात काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे तासांची नोंद. आठवड्याचे वेळापत्रक वेळेत कळवावे, जादा तास लिहून ठेवावेत आणि त्यांचा मोबदला त्याच महिन्यात चुकता करावा. मालकाचे नातेवाईकही याच नियमात यावेत. तसे झाले नाही, तर बाकीचे नियम पोकळ ठरतात.

दुसरी, ठरावीक बैठक. आठवड्यातून अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे आणि मालकाने शेवटी बोलावे. मागील बैठकीत मांडलेल्या सूचनेचे काय झाले, हे आधी सांगावे. सूचना नाकारली असेल तर कारणही द्यावे. ज्या भाषेत कर्मचारी मोकळा बोलतो ती चालू द्यावी. मात्र मराठी न समजणारा सहकारी उपस्थित असताना कामाचे निर्णय मराठीत होऊ नयेत.

तिसरी, मालकाखेरीज दुसरे दार. मालकाविरुद्धची तक्रार ऐकण्यासाठी भागीदार किंवा बाहेरचा सल्लागार आधीच ठरवून त्याचे नाव लेखी कळवावे.

चौथी, निरोप. नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे वेळेवर द्यावेत. मागे राहिलेले सहकारी हे बारकाईने पाहत असतात.

मालकीत वाटा

याच वाटेवर पुढे जायचे असेल, तर २०१४ पासून ब्रिटनमध्ये कर्मचारी-मालकी विश्वस्त निधीची सोय आहे. कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग सर्व कर्मचाऱ्यांच्या वतीने या निधीकडे जातात. अशा कंपनीला प्रत्येक कर्मचाऱ्यास वर्षाला ३,६०० पौंडांपर्यंतचा बोनस प्राप्तिकराविना देता येतो. मुले व्यवसायात येणार नाहीत, अशा निवृत्तीकडे झुकलेल्या मालकांसाठी हा विचार करण्याजोगा मार्ग आहे.

एवढी मोठी उडी प्रत्येकाला शक्य नसते. लेखी अटी, तासांची चोख नोंद आणि निर्भयपणे बोलता येईल अशी बैठक या तीन गोष्टी मात्र पाच माणसांच्या दुकानातही पुढच्या सोमवारपासून सुरू करता येतात. त्यांना मोठे भांडवल लागत नाही. मालकाला मात्र आपल्या मर्जीचा काही भाग नियमाच्या स्वाधीन करावा लागतो.