अपंगत्वाची करसवलत आणि फॉर्म भरून देणारे

जुलै २०२५ पासून कॅनडात अपंगांसाठी महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलरचा नवा भत्ता सुरू झालाय. तो हवा तर आधी डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट मंजूर असावं लागतं. म्हणजे पुन्हा तोच टी२२०१ फॉर्म, आणि "आम्ही भरून देतो" म्हणणारे.

हे लोक आले कुठून? १९४४ साली ही सवलत फक्त अंधांना होती. ते ठरवणं सोपं होतं. १९८६ पासून बाकीची गंभीर अपंगत्वं त्यात आली, १९८८ मध्ये वजावटीचं क्रेडिट झालं, आणि फॉर्म अवघड झाला. डॉक्टर रोगाचं नाव लिहितात. खात्याला मात्र कपडे घालायला, चालायला किती वेळ लागतो, त्रास निदान ९० टक्के वेळ असतो का, हे हवं असतं. रोगाचं नाव भारी, पण उत्तर मोघम, की अर्ज नामंजूर!

२००१ मध्ये तर खात्याने कहर केला. आधी मंजुरी मिळालेल्या एक लाखाहून जास्त लोकांना पत्रं गेली, पुन्हा पात्रता सिद्ध करा म्हणून. २००२ मध्ये कॅरोलिन बेनेट यांच्या संसदीय उपसमितीने त्यावर चांगलेच कान उपटले.

दहा वर्षं मागे जाऊन परतावा मिळतो म्हटल्यावर दलालांचं फावलं. ते परताव्यातले २० ते ४० टक्के कापून घेत. काम ते करतात, नाही असं नाही. पण फॉर्म इतका किचकट ठेवला कुणी? २०१४ मध्ये त्यांच्या फीवर मर्यादा घालणारा कायदा झाला. नियम यायला २०२१ उजाडलं: कमाल १०० डॉलर. तोही लागू होण्याच्या तोंडावर ब्रिटिश कोलंबियातल्या कोर्टाने अडवला. सात वर्षं थांबून हाती काय, तर स्थगिती.

तेव्हा सही करण्याआधी एवढं बघा. फॉर्मचा पहिला भाग तुम्ही स्वतः फोनवर किंवा ऑनलाइन देऊ शकता. दुसरा भाग डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर भरतात, तो दलालाला भरता येतच नाही. दवाखान्यात जाताना आई-बाबांना अंघोळीला, जिना चढायला, जेवायला किती वेळ लागतो ते आठवडाभर लिहून न्या. डॉक्टर फॉर्मची फी घेतील कदाचित, पण ती एकदाच, टक्क्यांत नाही.