श्रावणातली वेरूळची वाट

श्रावण लागला की छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, मुकुंदवाडीतल्या अनेक घरांत एक बेत शिजतो. आई-वडिलांना घेऊन वेरूळला जायचं. जालना रोडने अख्खं शहर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायचं, छावणी मागे टाकायची, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादच्या किल्ल्याजवळून घाट चढायचा आणि खुलताबादवरून वेरूळला उतरायचं. शहरापासून अंतर जेमतेम तीसेक किलोमीटर. घृष्णेश्वराचं दर्शन तर घ्यायचंच, पण घाटातली हिरवाई आणि लेण्यांवरून कोसळणारं पाणी म्हाताऱ्या माणसांना एकदा डोळे भरून पाहू द्यायचं, ही ओढही तितकीच खरी.

पावसाळ्यातली ही हौस मोटारींबरोबर आली, असं कुणालाही वाटेल. तिची लेखी नोंद मात्र तीनशे वर्षांहून जुनी आहे. साकी मुस्तैद खान याने 1710 मध्ये पूर्ण केलेला ‘मआसिर-ए-आलमगिरी’ हा औरंगजेबाच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास. मोहिमा, नेमणुका, बढत्या आणि मृत्यू यांच्या नोंदींनी तो गच्च भरलेला आहे. वेरूळचा उल्लेख येतो तिथे मात्र हा दरबारी लेखक रेंगाळतो. डोंगर कोरून केलेल्या कामाचं तो कौतुक करतो आणि सांगतो, की लोक इथे बाराही महिने येतात, पण खरी मजा पावसाळ्यात. तेव्हा डोंगर आणि खालचं मैदान बागेसारखं फुलतं आणि कड्यावरून रुंद धबधबा पडतो. हे पाणी वेळगंगेचं. ‘सीता की न्हाणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 29 क्रमांकाच्या लेण्याजवळ आजही लोक तेच पाहायला गर्दी करतात. युद्धांनी पोळलेल्या त्या काळातही माणसं निव्वळ पाऊस पाहायला घराबाहेर पडत होती, ही गोष्ट एखाद्या तहाच्या कलमाइतकीच मोलाची आहे.

वाट त्याहूनही जुनी. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास देवगिरीला राजधानी हलवली आणि तिचं दौलताबाद झालं. घाटापुढच्या कागजीपुऱ्यातली हातकागदाची परंपरा त्याच काळापासूनची मानली जाते. दौलताबादच्या जुन्या वेशीच्या कमानीतून मोठी गाडी निघताना समोरच्यांना थांबावं लागतं. ती बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हत्ती-घोडे होते, एसटी नव्हती.

या वाटेवर बापलेकांचं एक भांडणही घडून गेलंय. पहिला निजाम आसफजाह दिल्लीत अडकला असताना दख्खनचा कारभार मुलगा नासिरजंग पाहत होता. वडील परतले, पण मुलाला सत्ता सोडवेना. मध्यंतरी खुलताबादच्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात जाऊन बसलेला नासिरजंग 1741 मध्ये फौज घेऊन औरंगाबादवर चालून आला. शहराजवळच लढाई झाली, तो जखमी होऊन पकडला गेला, कैदेत पडला आणि पुढे वडिलांनी त्याला माफही केलं. आसफजाह 1748 मध्ये वारला, नासिरजंग 1750 मध्ये जिंजीजवळ मारला गेला. दोघांच्या कबरी त्याच दर्ग्याच्या आवारात आहेत. खुलताबादच्याच भद्रा मारुतीच्या, म्हणजे निजलेल्या मारुतीच्या, दर्शनाला आलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं?

साध्या माणसांना ही वाट सोपी झाली ती फार उशिरा. त्याआधी बैलगाडी, टांगा, नाहीतर आपले पाय. 1900 च्या सुमारास मनमाडकडून रेल्वे औरंगाबादला आली, 1932 मध्ये निजाम सरकारने आपल्या राज्यात बससेवा सुरू केली. मुकुंदवाडी तेव्हा शहराबाहेरचं एक शेतकरी खेडं होतं. सत्तरच्या दशकापासून सिडकोची वसाहत वाढत गेली, शेजारी चिकलठाण्याचे कारखाने उभे राहिले आणि गाव शहरात मिसळलं. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला. कामगाराच्या दारात स्कूटर उभी राहिली आणि वेरूळची सहल सुट्टीच्या एका दिवसात बसू लागली: पुढे उभं पोर, मागे आडवी बसलेली आई, तिच्या मांडीवर धाकटं. त्या पोरांपैकी कितीतरी जण आज स्वतः गाडी चालवतात आणि वडील शेजारच्या सीटवर बसून वळणं सांगतात.

पायी जाणारे मात्र संपलेले नाहीत. श्रावणातल्या शनिवारसाठी शुक्रवारी रात्रीच शहरातून तरुणांचे जथे खुलताबादकडे निघतात. पहाटे निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतात, तेव्हा रात्रभराच्या चालीने त्यांचे पाय भरून आलेले असतात. दिवस वर आला की घरातली थोरली माणसं गाड्यांतून मागून पोचतात. दर्शन झाल्यावर, गाडीत जागा असेल तर, चालून आलेल्या पोरांनाही परतीला सोबत घेतात.