ऋण काढून विज्ञान: एका भागाकाराचा इतिहास

जीवरसायनशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीसाठी किती कर्ज काढावं? हा प्रश्न आज अमेरिकेत घरोघरी विचारला जातो. उत्तरासाठी दोन आकडे समोर मांडतात: पदवीधराची कमाई आणि त्याच्या डोक्यावरचं कर्ज. एकाला दुसऱ्यानं भागलं की झालं! मला आज सांगायचंय ते असं, की हा भागाकार फार जुना नाही. आणि या विषयाच्या बाबतीत तर त्यातला एक आकडा आपल्याला वाटतं ते सांगतच नाही.

सुरुवात 1957 पासून करू. ऑक्टोबरमध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला धास्ती बसली. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर यांच्या सहीनं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. नावातच ‘संरक्षण’ आहे, बघा. विद्यार्थ्याला वर्षाला एक हजार डॉलरपर्यंत, एकूण पाच हजारांपर्यंत कर्ज. व्याज 3 टक्के. जो पुढे शाळेत शिक्षक होईल, त्याचं निम्म्यापर्यंत कर्ज माफ. म्हणजे कर्ज होतं खरं, पण देणाऱ्याला मान्य होतं की तू शिकलास तर फायदा माझाही आहे.

त्याआधी, 1955 मध्ये, मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानं एका निबंधात वेगळीच वाट सुचवली होती. विद्यार्थ्याला कर्ज देण्यापेक्षा त्याच्यात भांडवल गुंतवा. कंपनीचा शेअर घेतो, तसा त्याच्या भावी कमाईचा हिस्सा घ्या. माणसाच्या मिळकतीत असा वाटा मागणं तुम्हाला खटकेल, मलाही खटकतं. पण त्यात एक गोष्ट होती: विद्या फळली नाही, तर तोटा एकट्या विद्यार्थ्याच्या माथी येत नव्हता.

येल विद्यापीठानं 1971 मध्ये याच वळणाचा प्रयोग केला. उचललेल्या दर हजार डॉलरमागे दरवर्षी उत्पन्नाचे 0.4 टक्के, जास्तीत जास्त 35 वर्षं. पण अट अशी, की सगळ्या तुकडीचं देणं फिटेपर्यंत कोणी मोकळं व्हायचं नाही. झालं काय, भरपूर कमावणारे जादा रक्कम भरून बाहेर पडले, काहींनी भरलंच नाही, आणि मधले बिचारे भरत राहिले. अखेर 1999 मध्ये येलनं ही योजना गुंडाळायचं जाहीर केलं.

देशानं मात्र साध्या कर्जाचीच वाट धरली. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यानं बँकांच्या विद्यार्थी-कर्जाला सरकारची हमी मिळाली. मग दोर आवळत गेले. 1976 मध्ये ठरलं, की पहिली पाच वर्षं दिवाळखोरीतही हे कर्ज सुटणार नाही. 1990 मध्ये पाचाची सात झाली. 1998 मध्ये मुदतच काढून टाकली. आता पराकोटीची हलाखी कोर्टात सिद्ध करावी लागते. आज हे सरकारी कर्ज 1.6 लाख कोटी डॉलरच्या वर आहे.

एवढं ओझं झाल्यावर लोक विचारणारच, ‘शिकून मिळतं किती?’ म्हणून 2015 मध्ये सरकारनं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ काढलं आणि 2019 पासून विषयवार कमाई द्यायला सुरुवात केली. चांगलंच झालं. पण त्यात मोजतात कोणाला? ज्यांनी सरकारी मदत घेतली आणि जे मोजणीच्या वेळी पुन्हा कुठे शिकत नाहीत, त्यांनाच. आता जीवरसायनशास्त्राचे पदवीधर बघा. त्यातले बरेच जण वैद्यकीय शिक्षणाला किंवा पीएच.डी.ला जातात; शिकत असेपर्यंत ते या हिशेबातून गळतात. उरतात ते प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागलेले किंवा दुसऱ्याच धंद्यात गेलेले. गाडी कल्याणला जाणारी, आणि दादरला उतरलेल्यांवरून आपण तिकिटाचं मोल ठरवतोय!

कर्जाचंही तेच. तिकडे पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं. डॉक्टर व्हायचं तर आणखी चार वर्षांचं कर्ज. पदवी एकच, खातेवह्या दोन.

मग आकडे फेकून द्यायचे? मुळीच नाही. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी सरकारी कर्जाची एकूण मर्यादा 31,000 डॉलर आहे. समजा व्याज 6 टक्के आणि मुदत दहा वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे 344 डॉलर, एकूण फेड सुमारे 41,300. आता विचारा: पुढचा प्रवेश नाहीच मिळाला, तर तंत्रज्ञाच्या पगारात हा हप्ता झेपेल का? दादरला उतरलेल्यांचा आकडा इथे उपयोगी पडतो. पदवीचं मोल त्यानं कळत नाही. पडलो तर किती लागेल, हे कळतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ते एवढ्यासाठी.

आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या मुलांना हे सरकारी कर्ज मिळत नाही. ते इथल्या बँकेचं कर्ज काढतात, पुष्कळदा आईबापांचं घर तारण ठेवून. पडझड झाली तर ती दोन पिढ्यांची. त्यांनी तर हा हिशेब आधी करावा.

आपल्या परंपरेत ऋषिऋण सांगितलंय. विद्या पूर्वसूरींकडून आली, ते ऋण अध्ययनानं फिटतं. आज अध्ययनासाठीच ऋण काढावं लागतं. इन्सुलिनचा उपयोग साऱ्या समाजाला होतो, पण ती विद्या शिकण्याची जोखीम सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं घ्यायची, हे कोणी ठरवलं? निसर्गानं नाही. 1958 नंतर माणसांनी, कायद्यांनी, एकेक कलम करत ठरवलं. आणि माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलताही येतं.