मैला, कातडे आणि दारूगोळा

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीतून रोज सकाळी बादल्या नि फावडी घेतलेली माणसे शेजारच्या सिंदी गावाकडे निघत. गावच्या वाटांवर पडलेला मैला गोळा करायचा, खड्ड्यात टाकायचा आणि वर माती लोटायची, एवढेच त्यांचे काम. गांधीजी स्वतः त्यात होते, महादेवभाई देसाई होते आणि मीराबेन तर पुढे सिंदीतच राहायला गेल्या. गावकरी हे सगळे बघत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेवर बसत. महिने गेले तरी गाव फारसे हलले नाही. त्याचा वृत्तान्त गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात वाचायला मिळतो आणि त्यातली निराशा लपवलेली नाही.

अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ तेव्हा नुकताच, डिसेंबर १९३४ मध्ये, स्थापन झाला होता. जमनालाल बजाजांनी त्यासाठी मगनवाडीची जागा दिली आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. घाण्याच्या तेलाचा, कोंडा न काढलेल्या तांदळाचा, गुळाचा, कागदाचा विचार करणाऱ्या या मंडळींनी मैल्यालाही त्याच गांभीर्याने हात घातला. घाण कुणीतरी उपसतेच. ते कुणी करायचे, कशाच्या बदल्यात करायचे आणि त्यातला धोका कुणी सोसायचा, हा प्रश्न त्यांनी त्या वाटेवर उभा केला. नव्वद वर्षांनंतर वर्धा जिल्ह्यात प्रश्न तोच आहे, फक्त घाण बदलली आहे.

जुन्या व्यवस्थेत त्याचे उत्तर ठरलेले होते. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून न्यायचे काम महारांचे, मैला उचलायचे काम आणखी एका जातीचे. या कामाला निविदा नव्हती, मुदत नव्हती आणि नकार देण्याची सोय तर मुळीच नव्हती. मोबदला म्हणजे थोडे धान्य, भाकरतुकडा आणि त्या मेलेल्या जनावरावरचा हक्क. म्हणजे घाण उचलणाऱ्याची मजुरी त्या घाणीतूनच भागवायची. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढणे सोडून द्या, असे लोकांना सांगितले तेव्हा हा करार एका बाजूने मोडला गेला. गावोगावच्या सवर्णांनी त्यावर कहर केला. उपसणाऱ्याने हात काढून घेतला की घाण कुणाची, हे लगेच उघडे पडते.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत याला दुसऱ्या टोकाने हात घातला गेला. तिथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे सोलायचे, बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतींच्या अर्काने कमवायचे आणि हाडामांसाचे खत करायचे. काहीच वाया जाऊ द्यायचे नाही आणि हे काम जातीवर सोडायचे नाही, असा दुहेरी आग्रह त्यामागे होता. काम दुर्गंधीचे होते, पण त्यातून निघणारे सगळे मातीत जिरणारे होते. कातडे कमवण्याचा रासायनिक मार्ग पुढे कुठे गेला, ते तामिळनाडूतल्या राणीपेटला दिसते. चर्मोद्योगाला क्रोमियमची रसायने पुरवणारा तिथला सरकारी भागीदारीतला कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि दोन लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त गाळ उघड्यावर मागे राहिला. असला ढीग फावडे घेऊन उपसता येत नाही. त्याला भूजलतज्ज्ञ लागतो, रसायनतज्ज्ञ लागतो, अभियंता लागतो, आणि या सगळ्यांना नेमणारा, त्यांचे बिल देणारा कुणीतरी लागतो.

कायदे याच गरजेतून आले. जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला आणि पुढच्या वर्षी प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे राहिले. केंद्राचा जलकायदा त्यानंतर, १९७४ चा. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम आले. त्या नियमांनी आणि त्यांच्या पुढच्या आवृत्त्यांनी एक नवा व्यवसाय जन्माला घातला. कारखान्याने घातक कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवायचा नाही, तो अधिकृत वाहनातूनच पाठवायचा आणि अधिकृत ठिकाणीच द्यायचा. महाराष्ट्रात अशी सामायिक ठिकाणे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे झाली. वर्धा जिल्ह्याला जवळचे बुटीबोरी.

तिथे कचऱ्याचे काय होते, हे जरा जवळून बघण्यासारखे आहे. जळण्याजोगे ते भट्टीत जाते. उरलेल्यात चुना, सिमेंट किंवा राख मिसळून त्यातले विष शक्य तेवढे बांधून टाकतात आणि मग ते खड्ड्यात रचतात. त्या खड्ड्याच्या तळाशी दाबलेल्या चिकणमातीचा थर असतो, त्यावर जाड प्लास्टिकचे अस्तर आणि अस्तरावर पाझर गोळा करणाऱ्या नळ्या. आजूबाजूला निरीक्षण-विहिरी खोदलेल्या असतात, त्यातले पाणी ठरावीक काळाने तपासायचे असते. कचऱ्याबरोबर जो कागद चालतो त्याच्या २०१६ च्या नियमांनुसार सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, केशरी वाहतूकदाराला, हिरवी आणि निळी पोहोच म्हणून परतीच्या वाटेने मंडळाकडे आणि पाठवणाऱ्याकडे. कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर राखाडी प्रत तिकडच्या मंडळाला. हा कागद नीट चालला तर पिंप नेमके कुठे हरवले हे सांगता येते. फाइलमधल्या या सात रंगांचे महत्त्व ज्यांनी ओढ्यात रात्री ओतलेला टँकर पाहिला आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

विदर्भाच्या हाताशी ज्ञानही होते. नागपुरात १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था सुरू झाली आणि १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिच्छडी गावात रंगोद्योगाला लागणारे एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी नासवले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नीरीकडूनच अहवाल मागवला. त्या आधारावर १९९६ च्या निकालात न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व ठामपणे लागू केले, सफाईचा खर्च कारखानदारांवर टाकला आणि तो पुढे ३७ कोटींहून अधिक ठरला. पण कारखानदारांनी अर्जामागून अर्ज करून प्रकरण लांबवले. २०११ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावर चक्रवाढ व्याज लावले तोवर पंधरा वर्षे उलटली होती. एवढी वर्षे विष खाली झिरपतच राहते. अहवाल उत्तम होता, निकाल उत्तम होता, आणि तरीही सफाईचे काम देण्याआधीच एका पिढीचे बालपण सरले.

भोपाळचे तसेच झाले, आणि त्या गोष्टीचा एक टप्पा वर्धा जिल्ह्याच्या उंबरठ्यावर घडला. वायुगळती झालेल्या युनियन कार्बाइडच्या आवारातला सुमारे साडेतीनशे टन घातक कचरा २००५ च्या सुमारास गोळा करून गोदामात ठेवला होता. तो नेऊन जाळायचा कुठे? गुजरातेतल्या अंकलेश्वरचे नाव निघाले, गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो नागपूरजवळ बोरखेडीला, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा असा आदेश दिला. नागपूरहून वर्ध्याकडे पॅसेंजरने निघालेल्या माणसाला बुटीबोरीनंतर बोरखेडी लागते आणि त्यापुढे सिंदी रेल्वे. हे सिंदी मगनवाडीशेजारचे नव्हे, सेलू तालुक्यातले बैलबाजाराचे आणि पोळ्याचे सिंदी. तिथून बोरखेडी म्हणजे अगदी पुढचे स्टेशन. विदर्भात विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही संमती दिली नाही आणि तो कचरा इकडे आला नाही.

या विरोधाला ‘आमच्या दारात नको’ म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. ज्या राज्यांनी तो कचरा निर्माणही केला नव्हता आणि ज्यांच्या भट्ट्यांना त्यासाठी मंजुरीही नव्हती, त्यांनी हमी मागितली तर त्यांचे काय चुकले? खरी चूक मुळातच होती. ज्या कंपनीने विष केले तिच्याकडून सफाई करवून घेतली गेली नाही. २०१२ मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेने तो कचरा हॅम्बुर्गला नेऊन जाळण्याची तयारी दाखवली, बोलणी झाली, मग तिनेही माघार घेतली. शेवटी २०२५ च्या पहिल्या दिवशी रात्री १२ कंटेनर भोपाळहून मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरच्या भट्टीकडे निघाले. पिथमपुरात दगडफेक झाली, दोघांनी अंगावर पेटवून घेतले. चाचण्या होऊन जूनअखेर ३३७ टन कचरा जाळून झाला. या कामावर १२६ कोटी रुपयांची तरतूद होती. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, म्हणून मागे उरलेली राख नि अवशेष मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरले. ते कुठे पुरायचे यावर पुन्हा न्यायालयात वाद झाला. आणि नीरी व हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने २०१० मध्ये अंदाज केलेली सुमारे ११ लाख टन दूषित माती भोपाळच्या आवारात जिथल्या तिथे आहे.

वर्ध्याचा स्वतःचा घातक कचरा मात्र कारखान्यातलाच नाही, कोठारातलाही आहे.

जिल्ह्यातले पुलगाव हे गिरणीचे गाव. कापूस, रेल्वे आणि वर्धा नदीचे पाणी यांवर ते वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आले आणि पुढे ते देशातले सर्वांत मोठे झाले. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर त्यातल्या एका साठवणगृहात आग लागली. आग विझवायला धावलेले दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे जवान स्फोटात गेले. एका रात्रीत सोळाहून अधिक जीव. आसपासच्या गावांतली माणसे लेकराबाळांसह अंधारात घरे सोडून पळाली. रणगाडाविरोधी सदोष सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत होते, हा मुद्दा पुढे लष्कराकडून आला. मुदत संपलेला किंवा सदोष दारूगोळा नुसता पडून राहत नाही. त्यातली रसायने बदलत राहतात, पाझरतात, घामेजतात. लोकांना तो शस्त्रसाठा दिसतो, पण प्रत्यक्षात तो घातक कचरा झालेला असतो.

असा दारूगोळा नष्ट करण्याचे मैदान देवळी तालुक्यात सोनेगाव (आबाजी) जवळ आहे. पद्धत ऐकायला सरळ वाटते. खड्डा खणायचा, त्यात पेट्या उतरवायच्या, वर वाळूच्या पिशव्या रचायच्या आणि दूर जाऊन स्फोट घडवायचा. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी सातच्या सुमारास जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेल्या पेट्या उतरवताना, स्फोट घडवण्याच्या आधीच, स्फोट झाला. सहा जण मेले, दहाहून अधिक जखमी झाले. मृतांत निर्माणीचा एक कर्मचारी होता. बाकीचे सोनेगाव, केळापूर या गावांतले, एका खासगी ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर. त्यांचे काम खड्डे खणण्याचे, पिशव्या भरण्याचे आणि ओझी वाहण्याचे. स्फोटानंतर मैदानात लोखंड, तांबे, पितळ उरते. ते वेचून विकण्यासाठी जीव धोक्यात घालणारी माणसे त्या पट्ट्यात वर्षानुवर्षे आहेत, हेही त्या दिवसांत वर्तमानपत्रांत छापून आले.

मेलेल्या गुराच्या कातड्यावर मजुरी भागवणारा जुना करार इथे धातूच्या रूपात परत भेटतो. निर्माणी दारूगोळा तयार करते, लष्कर तो सांभाळते, नष्ट करण्याच्या कामातला अंगमेहनतीचा भाग ठेक्याने दिला जातो, ठेकेदार गावातून माणसे उचलतो. कागदावर प्रत्येक पायरीला एक सही असते. धोका मात्र त्या सह्यांवरून घरंगळत खाली येतो आणि ज्याच्याकडे सहीचा कागदच नाही त्याच्यापाशी थांबतो. पेटीत काय आहे, ती कशी धरावी, किती अंतरावर उभे राहावे, हे त्या मजुराला कुणी किती शिकवले होते?

घातक कचऱ्याच्या कामासाठी संस्था नेमताना सरकारी खात्यांत दोन लिफाफ्यांची रीत आहे. एकात तांत्रिक पात्रता, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा ओलांडला की बहुधा सर्वांत कमी दर जिंकतो. रस्त्यावर खडी पसरायला ही रीत चालेल. पण दर पाडायची पहिली जागा म्हणजे प्रशिक्षण, सुरक्षा-साधने आणि अनुभवी माणूस, हे कुठलाही ठेकेदार जाणतो. अशा कामात पोटठेका कुणाला, मजुरांचा विमा किती, अपघात झाला तर मुख्य नेमणूकदाराची जबाबदारी कुठवर, हे करारात आधी आणि ठळक यायला हवे. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्यानंतर अशा सफाईत अभियांत्रिकी कंपन्यांचा मोठा उद्योग उभा राहिला, तेव्हा कामगारांच्या प्रशिक्षणाचे तास कायद्यानेच ठरवून द्यावे लागले. घातक कचऱ्याच्या जागेवर पाऊल ठेवण्याआधी ४० तास. सोनेगावच्या मजुराला त्यातले चार जरी मिळाले असते!

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. देशात असे नियम पहिल्यांदाच झाले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी राज्य मंडळाला द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर तपासणी, मग तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर सरकारकडून. खाणी, किरणोत्सारी कचरा आणि शहरांचे कचरा-डेपो यांतून सामान्यतः वगळले आहेत. वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून जाणाऱ्या अशा यादीत दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानाभोवतालची माती, तिथल्या विहिरी आणि त्या शिवारातले ओढे यायला हवेत. टीएनटीसारखी स्फोटके मातीतून पाण्यात उतरतात, हे जगभरच्या लष्करी मैदानांवर सिद्ध झालेले आहे. त्या पाण्याचे नमुने घेण्याचे काम कुणाला द्यायचे, हेही त्याच कार्यालयाला आणि मंडळाला ठरवावे लागेल. त्यासाठी नीरीची नागपूरची प्रयोगशाळा रस्त्याने दीड-दोन तासांवर आहे.